न पोळणारा हात

सुज्ञ वाचकहो, या कथेमध्ये मनुष्याच्या क्रौर्याचे वर्णन येणार आहे आणि त्या क्रौर्यास दयेने कसे नमविले तेही येणार आहे. क्रौर्य म्हटले म्हणजे तलवार, रक्त आणि आरोळ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. या कथेत कोणी कोणास साधी चापटही मारलेली नाही. एक देऊळ, भाजलेल्या वांग्यांचा ढीग आणि एका माणसाचा उजवा हात, एवढीच काय ती या कथेची सामग्री आहे. तरी ती शेवटपर्यंत वाचावी आणि मग हसण्यातही क्रौर्य असू शकते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पारोळ्याहून धुळ्याकडे जो हमरस्ता जातो, त्यापासून कोसभर आत हे गाव आहे. गावाचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण गाव चांगले आहे. गावाच्या पूर्वेस टेकाडावर खंडेरावाचे देऊळ आहे. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला या देवाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य दाखवितात. चातुर्मासात ज्यांनी वांगे वर्ज्य केलेले असते, त्यांचे वांगे त्या दिवशी सुटते. घरटी टोपलीभर वांगी टेकाडावर येतात, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती एकत्र भाजतात, सोलतात, लाकडाच्या मोठ्या काथवटीत मुसळीने ठेचतात आणि देवाची तळी उचलून झाली की सारे गाव एका पंगतीत जेवते. दंडक असा की भरीत कढत असतानाच देवापुढे गेले पाहिजे. त्याकरिता वांगे जाळातून काढल्याबरोबर सोलावे लागते, आणि ते काम ऐऱ्यागैऱ्याचे नव्हे.

ते काम निंबाचे होते.

निंबा हा जेमतेम जमिनीचा, अबोल स्वभावाचा शेतकरी. वर्षभर त्याला कोणी फारसे विचारीत नसे. परंतु चंपाषष्ठीच्या दिवशी तो जाळापुढे बसला म्हणजे माणसे त्याच्याभोवती कडे करून उभी राहत. निखाऱ्यातून काढलेले वांगे, ज्याच्या सालीवर अजून ठिणग्या लुकलुकत आहेत, ते तो उघड्या हाताने उचली आणि एखादे केळे सोलावे तितक्या सहजतेने सोलून काथवटीत टाकी. बघणाऱ्यांच्याच बोटांना चटका बसल्यासारखे होई. त्याचा लंगोटीमित्र अभिमन हा मोठा थट्टेखोर मनुष्य. तो बाहेरगावच्या पाहुण्यांना पुढे ओढून सांगत असे, "निंबाना हात नही, चिमटा शे." मग टाळ्या पडत. तेव्हापासून गावात निंबाचे नावच चिमटा पडले आणि निंबालाही ते आवडे. मनुष्याला आपल्या गावात एखादे नाव असावे, हे कोणाला आवडत नाही?

पूर्वी त्यालाही चटके बसत, हे निंबाला आठवत होते. पुढे पुढे ते कमी होत गेले. खंडेरावाचीच ही कृपा, देवाच्या कामासाठी देवानेच हात राखला, असे त्याने मनोमन धरले. संध्याकाळी त्याच्या तळहातावर टरारून फोड आलेले दिसत आणि त्याची बायको बेबाबाई मुकाट्याने त्यावर तूप लावी. दुखते का, असे तिने विचारले की तो हसून नाही म्हणे. ते खरेच होते, आणि खरे होते हेच वाईट होते.

एका वर्षी फोडांची जखम बरीच होईना. होळी आली तरी ती ओली. दोन बोटे आत वळू लागली. बेबाबाईने हट्टाने त्याला पारोळ्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटावयास सांगितले आणि टाचणी टोचली की सांगा, असे म्हटले. निंबा बराच वेळ डोळे मिटून बसला. मग अदबीने म्हणाला, "टोचा ना, डॉक्टरसाहेब." तेव्हा बेबाबाईच्या तोंडातून हुंदका फुटला, कारण टाचणी केव्हाच तीन ठिकाणी टोचून झाली होती आणि तिसऱ्या ठिकाणी रक्ताचा थेंबही आला होता.

तो कुष्ठरोग होता. हात त्या रोगानेच बधिर केला होता.

धुळ्याच्या एका दवाखान्यात निंबाचे औषध चालू झाले. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या सुमाराची. त्या वेळी या रोगावर चांगली नवी औषधे आली होती. तेथे मलमपट्टी करणारे इसाकभाई म्हणून एक गृहस्थ होते. ते निंबाचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसत, जसा सोनार दागिना घेऊन बसतो. रोग जाईल, पण हाताची जाणीव परत येणार नाही, हे त्यांनीच त्याला सांगितले. ते म्हणाले, "निंबाभाऊ, हाताला कळत नाही ते डोळ्याला विचारायचं. डोळ्यालाही नाही कळलं, तर शेजारी बसलेल्या माणसाला विचारायचं. त्यात लाज कसली?"

निंबाने मान हलविली. शेजारी कोण बसणार, हा प्रश्न त्याने त्यांना विचारला नाही.

औषध पुरे झाले. आता तुमच्यापासून कोणालाही काही होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि निंबा एस.टी.ने गावी परतला. फाट्यावर उतरला तेव्हा पिंपळाखाली चार माणसे बसली होती. त्यात अभिमन होता. निंबाचे पाय आपोआप तिकडे वळले. अभिमनने बसल्या जागेवरून हात वर केला. "राहू दे, राहू दे. दूरथीनच राम राम." मग बाकीच्यांकडे वळून, "आपला चिमटाले गंज लागना रे." चौघेही हसले. निंबाही सवयीने हसला, आणि घरी पोहोचेपर्यंत ते हसू त्याच्या तोंडावर तसेच वाळून राहिले.

वाचकहो, गावाने निंबाला वाळीत टाकण्याचा ठराव केला नव्हता. कोणी दवंडी पिटली नव्हती. प्रत्येकाने आपापल्या परीने थोडेथोडे केले, आणि थोडेथोडे करणाऱ्याला आपण काही केले असे वाटतच नाही. चहावाल्याने कप न देता करवंटीत चहा दिला. न्हाव्याने आज धार बरोबर नाही असे सांगितले, आणि ती धार पुढे कधीच बरोबर झाली नाही. बेबाबाई चक्कीवर दळण घेऊन गेली की सर्वांचे डबे झाल्यावर तिचा डबा घेत आणि त्यानंतर चक्की बंद करीत. लोकांशी चुकून शिवाशिव होऊन कोणी बोलू नये, म्हणून निंबा आपण होऊनच गावाबाहेरच्या खळ्यातील झोपडीत राहावयास गेला. बेबाबाई रोज दोन वेळा भाकरी घेऊन तेथे जाई आणि त्याच्यासमोर बसून त्याच्याच ताटात जेवी. तेवढाच काय तो त्याच्या दिवसातला मऊ भाग होता.

असे वर्ष गेले. दुसरी चंपाषष्ठी जवळ आली, तेव्हा निंबाने एक निश्चय केला. धुळ्याच्या त्या दवाखान्यालगत बऱ्या झालेल्या माणसांची वस्ती होती. तेथे ती सतरंज्या विणीत आणि एकत्र राहत. देवाला नैवेद्य गेला की आपण तेथे कायमचे निघून जावे, असे त्याने ठरविले. ज्या गावाच्या पंगतीत आपल्याला पान नाही, ते गाव आपले कसे? त्याने दोन धोतरे आणि एक तांब्या पिशवीत घालून पिशवी झोपडीच्या मेढीला टांगली. बेबाबाईने ती पाहिली. गावात सासरमाहेरचे घर, दोन लेकरे, पोटापुरते शेत, असे सारे होते तिचे. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही गयात ते मी बी येसू." आपल्या पायी तिचेही घर उठणार, या विचाराने निंबाला रात्रभर झोप आली नाही.

षष्ठीच्या सकाळी झोपडीच्या दारात झुंबरबाई येऊन उभी राहिली. झुंबरबाई ही गावातली सर्वांत वृद्ध बाई. देवळातल्या दिव्याला तेल घालण्याचे काम तिच्याकडे होते. ती तरुणपणी विधवा झाली तेव्हा लोक सकाळी सकाळी तिचे तोंड चुकवून जात. त्यामुळे लोकांच्या चुकविण्याचे तिला भय राहिले नव्हते. ती निंबाला म्हणाली की माझ्या वाट्याची वांगी भाजायची आहेत, माझ्याने टोपली उचलत नाही, तेव्हा चल. निंबाने तिला समजावून पाहिले. तो जाळापाशी बसला की माणसे उठून जातील, नैवेद्याचा खोळंबा होईल आणि बोल तिला लागेल. तिने सारे ऐकून घेतले आणि लुगड्याचा पदर खोचीत म्हटले,

"जो उठी, तो उठू दे. मी बठसू."

निंबा बाहेर आला. त्याने टोपली डोक्यावर घेतली.

टेकाडावर जाळ पेटला होता. डिसेंबरची कोवळी थंडी, पऱ्हाट्यांचा तडतडाट, बायकांचे रोडगे थापणे, देवळातला हळदीचा वास, हे सर्व निंबाच्या इतके ओळखीचे होते की क्षणभर त्याला मध्यंतरीचे काही घडलेच नाही असे वाटले. मग लोकांनी त्याला पाहिले. एक जण उठला, मग दुसरा, आणि बघता बघता आठ-दहा माणसे पलीकडच्या कडुनिंबाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. झुंबरबाईने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तिने जाळापुढे गोणपाट अंथरले, एका टोकाला आपण बसली आणि दुसऱ्या टोकावर हात थोपटून निंबाला बसविले.

तोतारामआबा हे त्या उत्सवाचे कारभारी. ते भले पण भित्रे गृहस्थ. ते पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले आणि नैवेद्याचे काय, असे हळूच पुटपुटले. झुंबरबाईने उलट विचारले की इतकी वर्षे देवाने कोणाच्या हातचे खाल्ले? रोग तेव्हाही हातात होताच, फक्त तुम्हाला ठाऊक नव्हता. आता तर डॉक्टरने तो काढून टाकला. आबांनी यावर पागोटे सारखे केले आणि ते देवळाकडे निघून गेले.

आता अभिमन पुढे आला. झाडाखालची माणसे आपल्याकडे पाहत आहेत हे त्याला माहीत होते, आणि चारजण पाहू लागले की अभिमनला काहीतरी करून दाखवावेच लागे. त्याने काठीने जाळातले एक मोठे वांगे निंबाच्या पुढे लोटले. सालीवर ठिणग्या लुकलुकत होत्या.

"दाखाड रे चिमटा, एक डाव," तो म्हणाला.

झाडाखाली खसखस पिकली. निंबाने त्या वांग्याकडे पाहिले. इसाकभाईंचे बोलणे त्याच्या कानात होते. ते वांगे कढत आहे हे त्याचे डोळे त्याला सांगतच होते. परंतु कितीतरी दिवसांनी त्याला कोणीतरी काहीतरी करावयास सांगितले होते. हे एक वांगे सोलले तर कदाचित पूर्वीसारखे कडे होईल, टाळ्या पडतील, कोणी पाठीवर थाप मारील. हात काय, तो तर गेलेलाच आहे. वाचकहो, मनुष्य प्रेमाचा असा भुकेलेला असतो की ते अंगारात दिसले तरी तो तेथे हात घालतो. निंबाने हात पुढे केला.

त्याचे मनगट कोणीतरी धरले. ते धरले हे त्याला कळले नाही. हात पुढे जाईना म्हणून त्याने पाहिले, तेव्हा झुंबरबाईची सुरकुतलेली बोटे दिसली.

"हात मांगे ले, बाप. गरम शे."

असे म्हणून तिने आपले एक बोट त्या वांग्यावर टेकविले आणि झटकन मागे घेतले. बोटाचे टोक लालबुंद झाले होते. ते तिने अभिमनपुढे धरले आणि म्हणाली की मला कळले, त्याला कळत नाही. तुलाही कळते. मग तूच सोल.

झाडाखालच्या माणसांचे हसणे आता अभिमनकडे वळले. त्याला माघार घेता येईना. तो बसला, त्याने अंगठा आणि बोट यांत वांग्याचा देठ धरला, साल ओढली आणि हात झाडीत उठून उभा राहिला. वांगे राखेत पडले. लोक हसले. त्याने पुन्हा प्रयत्न केला, या वेळी दात ओठ खाऊन, आणि अर्धे वांगे सोलले जाईपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने बोटे तोंडात घातली आणि तशीच बोटे तोंडात असताना निंबाकडे पाहिले.

"कसं सोलत व्हता रे तू हाई?"

ही थट्टा नव्हती. तो खरोखरच विचारीत होता.

निंबा म्हणाला, "माले समजतच नव्हतं, अभिमन. मी समजे, देवनी कृपा शे."

जाळ तडतडत होता. अभिमनने बोटे तोंडातून काढली. ज्या वर्षी त्याने पाहुण्यांना ओढून ओढून आणले होते, एकामागून एक वांगे निंबापुढे टाकले होते आणि आणखी, आणखी असे म्हटले होते, ते वर्ष त्याच्या डोळ्यांपुढे आले असावे. कारण तो कोणाला उद्देशून नव्हे, अगदी हळू आवाजात बोलला, "अन् आपण टाळ्या वाजाडत व्हतूत."

झाडाखाली आता कोणी हसत नव्हते.

झुंबरबाईने त्याला बोलण्यास अधिक वेळ दिला नाही. तळी उचलावयाची वेळ होत आली होती. तिने त्याला पाण्याची बादली आणावयास सांगितली. अभिमनने बादली आणली, गोणपाटाच्या कडेला बैठक मारली आणि बोटे पाण्यात बुचकळीत, फुंकर घालीत, मधून मधून देवाचे नाव घेत तो वांगी सोलू लागला. सोललेले वांगे तो निंबापुढच्या काथवटीत टाकी. निंबा डाव्या हाताने काथवट धरी आणि उजव्या हाताच्या धडक्या बोटांत मुसळी पकडून ठेची. मुसळी निसटू नये म्हणून तो तिच्याकडे सारखा पाहत होता. काथवटीची कड तापली की झुंबरबाई ती चाचपून पाही. "आते थांब," असे ती म्हणे. आणि थोड्या वेळाने, "आते लाव." इसाकभाईंनी सांगितलेला शेजारचा मनुष्य तो हाच, हे निंबाला उमगले, आणि धुराचे निमित्त करून त्याने डोळे पुसले.

हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे काथवटीत पडले, तसा भरताचा खमंग वास टेकाडभर सुटला. झाडाखालची माणसे एकएक करून इकडे सरकू लागली. त्यांचे सर्वांचे अंतःकरण पालटले होते असे लिहिणे खोटे होईल. काहींचे पालटले होते आणि काहींना भूक लागली होती. दोन घरची माणसे मात्र तशीच गावाकडे उतरून गेली. भरीत वाफाळत देवापुढे गेले. तोतारामआबांनी स्वतः ताट उचलून नेले आणि येळकोटाच्या गजरात तळी उचलली गेली.

पंगत बसली. निंबा अगदी शेवटी बसला, म्हणजे कोणी उठ म्हटले तर पंगतीला धक्का न लागता उठता यावे. बेबाबाई वाढीत होती. तिची नजर पुन्हा पुन्हा पंगतीच्या टोकाकडे जात होती, कारण नवऱ्याच्या शेजारची जागा रिकामी होती आणि त्या जागेपलीकडची माणसे अंग चोरून बसली होती. इतक्यात अभिमन आपली पत्रावळ घेऊन आला आणि त्या रिकाम्या जागी धपकन बसला. त्याने रोडग्याला हात घातला आणि तोंड वाकडे केले. दोन्ही हातांच्या बोटांना फोड आले होते आणि बाजरीचा रोडगा चांगला खरपूस भाजलेला, काही केल्या मोडेना.

निंबाने ते पाहिले. त्याचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. दूरथीनच राम राम, हे शब्द त्याला आठवले. अभिमनलाही तेच आठवले असले पाहिजे, कारण त्याने मान खाली घातली. मग त्याने आपली पत्रावळ निंबाकडे सरकविली.

"मोड," तो म्हणाला.

निंबाने आपल्या वाकड्या बोटांनी रोडगा मोडला, चुरला, त्यावर भरीत घातले आणि पत्रावळ परत सरकविली. आजूबाजूच्या माणसांचे घास हातात थांबले होते. अभिमनने पहिला घास घेतला, चावला, गिळला आणि सर्वांकडे पाहून म्हणाला की काय बघता, मीठ कमी आहे, मीठ आणा. तेव्हा सगळी पंगत हसली. या हसण्याने निंबाला काही बोचले नाही. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला. बेबाबाईने त्याला न विचारता दुसऱ्यांदा भरीत वाढले.

त्या संध्याकाळी बेबाबाई खळ्यावर गेली, तिने मेढीची पिशवी काढली, धोतरे दोरीवर टाकली आणि त्याच पिशवीत उरलेले रोडगे भरून झुंबरबाईकडे पोहोचते केले. आठवड्याभरात निंबा घरी राहावयास आला. चक्कीवर बेबाबाईचा डबा रांगेत लागू लागला. चहावाल्याची करवंटी आणखी बरेच दिवस चालली, परंतु एकदा अभिमननेही तिथे बसून आपल्यालाही करवंटीतच चहा द्यावा असा हट्ट धरला, तेव्हा तीही गेली. न्हावी निंबाची हजामत करावयास शेवटी आला तो झुंबरबाई वारली त्या दिवशी. तिच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांत निंबा होता. त्याच्या खांद्यावर बांबूची फुगीर गाठ आली होती आणि ती रुतते आहे हे अभिमनने पाहिले, म्हणून त्याने आपला पंचा घडी करून तेथे सरकविला.

आजही चंपाषष्ठीला टेकाडावर ते दोघे जाळापुढे बसतात. एक सोलतो, एक ठेचतो. नव्या पिढीची पोरे निंबाला निंबाआबा म्हणतात. चिमटा हे नाव आता कोणी घेत नाही. अभिमनने मात्र पारोळ्याच्या बाजारातून लोखंडाचा एक खराखुरा चिमटा आणून ठेवलेला आहे, आणि आपण ही गोष्ट आधीच का केली नाही, असे तो दरवर्षी न चुकता म्हणतो.

येथे ही कथा संपली. या लेखकाचे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतच झालेले असल्यामुळे भाषेत जे दोष राहिले असतील ते उदार मनाने पोटात घालावेत. आपल्या आसपास एखादा न पोळणारा हात असेल, तर त्याच्याशेजारी थोडा वेळ बसून पाहावे, एवढीच हात जोडून विनंती. आपण आपला मोलाचा वेळ या कथेस दिलात, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
धनसिंग सुपडू महाजन
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव